दोन कार्यप्रणालींचा संगणक आणि बूटलोडरचा बिघाड : निदानाची पद्धत

कोल्हापुरात विज्ञान वा तंत्रज्ञान शाखेत पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदताना पुष्कळदा आढळतात. प्रबंधाचे टंकलेखन, कार्यालयीन अर्ज आणि काही उपकरणांच्या आज्ञावली ह्यांसाठी विंडोज. आणि गणन, आलेखन व दूरच्या महासंगणकाशी व्यवहार ह्यांसाठी लिनक्स, अशी ही वाटणी असते. दुसऱ्या गरजेचे कारण उघड आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलेले आहे. ज्याला पुढे अशा यंत्रावर काम करावयाचे आहे, त्याला आपल्या मेजावरच लिनक्सचा सराव करणे सोयीचे पडते.

अशा संगणकावर एखाद्या सकाळी नेहमीच्या मेनूऐवजी काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी उमटतात आणि यंत्र तेथेच थांबते. दुरुस्तीच्या दुकानात ह्यावर मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ डिस्कवर दोन वर्षांची निरीक्षणे आणि प्रबंधाची प्रकरणे असतील, तर ह्या तीन शब्दांची किंमत फार मोठी होते. वस्तुतः बहुतेक प्रसंगी ती निरीक्षणे जागच्या जागी सुरक्षित असतात. नाहीशी झालेली असते ती केवळ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. वाड्याच्या दिंडीदरवाजाची किल्ली हरवली म्हणून कोणी वाडा पाडत नाही. हा भेद कसा ओळखावा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

१. प्रारंभाची साखळी

संगणकाची कार्यशील स्मृती वीज बंद होताच रिकामी होते. वीज पुन्हा आल्यावर कार्यप्रणाली डिस्कवरून स्मृतीत आणावयाची तर ते काम करणारी आज्ञावली आधीच स्मृतीत असावयास हवी; आणि ती तरी तेथे कोणी आणावी, हा मूळ पेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्या पिढीतील जगभरच्या कित्येक यंत्रांना पहिल्या काही आज्ञा माणसाला फलकावरील कळा फिरवून भरवाव्या लागत. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून ह्या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले.

आज हे काम तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी म्हणजे मदरबोर्डवरील कायमस्वरूपी आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर. ती यंत्राची तपासणी करून डिस्क शोधते. दुसरी पायरी म्हणजे बूटलोडर. तो फर्मवेअरकडून सूत्रे स्वीकारतो आणि कोणती कार्यप्रणाली सुरू करावयाची ते ठरवितो. तिसरी पायरी म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा. ज्याला ‘बूटलोडरचा बिघाड’ म्हणतात तो दुसऱ्या पायरीचा, किंवा पहिली व दुसरी ह्यांच्या सांध्याचा दोष होय. विद्यार्थ्याच्या धारिका तिसऱ्या पायरीच्याही पलीकडे असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवली पाहिजे.

२. जुनी आणि नवी रचना

ह्या सांध्याच्या दोन रचना प्रचारात आहेत. जुन्या रचनेत बायॉस हे फर्मवेअर डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यातील ४४६ बाइट बूटलोडरच्या आरंभीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कवर पाडलेल्या कप्प्यांच्या, म्हणजे पार्टिशनांच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी असतात. ही जागा एकच असल्यामुळे जो शेवटी लिहितो त्याचा ताबा राहतो. लिनक्सनंतर विंडोज बसविली की लिनक्सचा मेनू नाहीसा होतो, तो ह्याच कारणाने.

नव्या रचनेत युईएफआय हे फर्मवेअर असते. त्याचे मानक सांभाळणारा मंच २००५ साली स्थापन झाला. येथे डिस्कवर एक लहान स्वतंत्र पार्टिशन राखलेले असते आणि प्रत्येक कार्यप्रणाली आपला बूटलोडर त्यात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. शिवाय कोणाला प्रथम बोलवावयाचे ह्याची क्रमवारी मदरबोर्डवरील स्थायी स्मृतीत नोंदलेली असते. ह्या रचनेत दोन बूटलोडर शेजारी शेजारी सुखाने राहू शकतात. मात्र तंटा उद्भवतो तो क्रमवारीचा. ही नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डवर असते, हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

३. लक्षणांवरून निदान

साखळी कोणत्या कडीपर्यंत अखंड आहे हे शोधणे, हेच निदानाचे सूत्र होय. त्यासाठी पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काहीतरी एरर येते’ एवढ्या वर्णनावरून निदान होत नाही.

(अ) बूट करण्याजोगे साधन सापडत नाही, असा संदेश फर्मवेअरच देत असेल, तर पहिली कडीच पुढे सरकलेली नाही. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर दोष जोडणीचा किंवा डिस्कचा आहे, आणि बूटलोडर पुन्हा बसवून काही साधणार नाही.

(आ) यंत्र सरळ विंडोजमध्ये जात असेल आणि मेनू येत नसेल, तर युईएफआय रचनेत बहुधा क्रमवारी बदललेली असते. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर कधी कधी असे घडते. फर्मवेअरच्या यादीत लिनक्सची नोंद वर आणली की काम भागते.

(इ) ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ येऊन यंत्र थांबत असेल, तर ग्रब ह्या लिनक्सच्या बूटलोडरचा आरंभीचा भाग जिवंत आहे, परंतु त्याला आपला उरलेला भाग सापडत नाही. पार्टिशन पुसले गेल्याने किंवा त्यांचे क्रमांक बदलल्याने हे होते. पार्टिशन अस्तित्वात असेल तर तेथेच ‘एलएस’ ह्या आज्ञेने ते शोधून ग्रबला नवा पत्ता देता येतो.

(ई) मेनू येतो, लिनक्स चालते, पण मेनूतून विंडोज नाहीशी झाली आहे, असे असेल तर विंडोज बिघडली असे समजू नये. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ ह्या आवृत्तीपासून इतर कार्यप्रणाली शोधण्याची सोय सुरक्षेच्या कारणास्तव मूलतः बंद ठेवलेली आहे. ग्रबच्या सेटिंगच्या धारिकेत ती पुन्हा चालू करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की विंडोज मेनूत परत येते.

(उ) घड्याळही काही सांगत असते. लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडत असेल, तर तो बिघाड नव्हे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि भारतीय प्रमाणवेळेतील अंतर तेवढेच आहे. परंतु घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली असा तर्क करावा. उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळेचा वीजपुरवठा बंद ठेवल्यानंतर जुन्या यंत्रांत हा प्रकार उघडकीस येतो. बॅटरीबरोबर फर्मवेअरचे सेटिंगही मूळपदावर जाऊन नवी रचना जुनीत बदललेली असू शकते. अशा वेळी उपाय काही रुपयांच्या बॅटरीचा असतो.

४. ऑगस्ट २०२४ चा धडा

निदानाविना केलेला उपाय कसा व्यर्थ जातो, ह्याचे एक जगभर गाजलेले उदाहरण येथे देणे उचित होईल. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था प्रचारात आली. तिच्यात फर्मवेअर केवळ विश्वासार्ह सही असलेल्या बूटलोडरलाच सूत्रे देते. लिनक्सच्या बाजूने ही सही ‘शिम’ नावाची छोटी आज्ञावली वाहून नेते. ग्रबमध्ये सुरक्षेचे दोष आढळू लागल्यावर जुन्या, सदोष आवृत्त्या पिढीच्या क्रमांकावरून नाकारण्याची एसबॅट नावाची योजना तयार झाली.

१३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या अद्ययावतीकरणातून ही किमान पिढी वाढविली. दोन कार्यप्रणालींच्या यंत्रांवर ती लागू होणार नाही असे अभिप्रेत होते. परंतु अशी काही यंत्रे ओळखण्यात ती व्यवस्था चुकली. परिणामी अनेक देशांत लिनक्स सुरू होईना, आणि शिमच्या एसबॅट माहितीची पडताळणी अयशस्वी झाल्याचा संदेश पडद्यावर येऊ लागला.

ह्या प्रसंगी डिस्क निर्दोष होती, लिनक्स निर्दोष होती, धारिकाही शाबूत होत्या. बदलली होती ती मदरबोर्डवरील स्थायी स्मृतीतील एक नोंद. ज्याने घाईने डिस्क फॉरमॅट करून जुन्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स पुन्हा बसविण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला तोच संदेश पुन्हा दिसणार होता. कारण फॉरमॅटचा हात मदरबोर्डपर्यंत पोहोचतच नाही. उपाय निराळाच होता : सिक्युअर बूट तात्पुरते बंद करणे, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयुटिल’ ह्या आज्ञेने ती नोंद पुसणे, शिम व ग्रब ह्यांच्या नव्या आवृत्त्या घेणे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे.

५. दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, विंडोजचे पार्टिशन बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हाताशी असावी. सिक्युअर बूट किंवा बूटक्रम बदलताच विंडोज ती मागू शकते, आणि ती नसल्यास धारिका खरोखरच दुरावतात. दुसरी, लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून महत्त्वाच्या धारिकांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. लाइव्ह लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालत असल्याने आतील डिस्कला धक्का न लावता हे करता येते. मात्र पडद्यावर बसविण्याचा पर्याय येतो तो निवडू नये.

त्यानंतर पेन ड्राइव्ह मूळ प्रणालीच्याच रचनेत सुरू झाला आहे की नाही ते तपासावे. ‘सिस/फर्मवेअर’ ह्या फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ असेल तर रचना नवी, नसेल तर जुनी. लिनक्स नव्या रचनेत बसविलेली असून दुरुस्ती जुन्या रचनेतून केली, तर बूटलोडर भलत्याच ठिकाणी लिहिला जातो; असफल दुरुस्तींचे हे एक नेहमीचे कारण आहे. रचना जुळल्यावर ‘एलएसबीएलके’ ह्या आज्ञेने पार्टिशनांची यादी पाहावी, लिनक्सचे मुख्य पार्टिशन व नव्या रचनेत बूटलोडरचे लहान पार्टिशनही जोडून घ्यावे, ‘सीएचरूट’ने त्या प्रणालीत प्रवेश करावा आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ ह्या आज्ञा ह्याच क्रमाने द्याव्यात. जुन्या रचनेत ‘ग्रब-इन्स्टॉल’ला पार्टिशनचे नव्हे, तर संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे लागते. प्रत्येक आज्ञा आणि तिचे उत्तर वहीत नोंदवावे. प्रयोगशाळेतील शिस्त येथेही लागू आहे.

डिस्क विचित्र आवाज करीत असेल किंवा धारिका वाचताना अडखळत असेल, तर वरील सर्व क्रम थांबवावा. तेथे प्रश्न बूटलोडरचा राहत नाही, मरणासन्न डिस्कचा होतो, आणि तिच्यावर नवे काही लिहिणे टाळून संपूर्ण प्रत घेणे हेच पहिले कर्तव्य ठरते.

६. समारोप

बूटलोडरचा बिघाड हा बहुधा ज्ञानाचा नाश नसून ज्ञानाकडे जाणाऱ्या वाटेचा अडथळा असतो. नाश घडतो तो घाईच्या उपायाने. तरीही निदानाचे कौशल्य हा प्रतीला पर्याय नव्हे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा खालच्या मजल्यांवरील सामानाची काय दशा झाली हे कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. पुरात सापडलेल्या डिस्कवर कोणतीही आज्ञा चालत नाही. म्हणून संशोधनाची एक प्रत यंत्राबाहेर आणि एक त्या इमारतीबाहेर असावी, आणि लाइव्ह पेन ड्राइव्ह व पुनर्प्राप्तीची किल्ली बिघाड होण्याआधीच सिद्ध असावी. एवढी तयारी ज्याने केली आहे, त्याला काळा पडदा दिसल्यावर भीती वाटण्याचे कारण उरत नाही. साखळीची तुटलेली कडी शोधण्याइतका वेळ आणि शांतपणा त्याच्यापाशी असतो.