वाचलं खरं, पण कळलं का?



गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही दर वेळी सांगतो, सही करण्याआधी कागदात काय लिहिलंय ते समजून घ्या. हप्ता किती, व्याज किती, मुदत किती. आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठ्यावरून सहीवर आल्या. पण सही येणं वेगळं आणि कागद कळणं वेगळं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? असंच अंतर आपल्या मुलांच्या वाचनात असतं. आज त्याविषयी बोलू या.

मुलगी धडा घडाघडा वाचते. ऐकून बरं वाटतं. पण पुस्तक मिटून विचारलं, "काय गं झालं या धड्यात?" की ती गप्प. अशी मुलं वजाबाकी बरोबर करतात, पण तीच वजाबाकी शाब्दिक उदाहरणात आली की अडतात. 'असर' नावाची पाहणी गावोगाव, घरोघर जाऊन केली जाते. २०२४ सालच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्म्याहून थोडी कमीच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ही झाली नुसतं वाचता येण्याची गोष्ट. वाचलेलं कळणं ही त्याच्या पुढची पायरी.

यावर गटातल्या बायका म्हणतात, "ताई, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" म्हणूनच हे बोलणं. अक्षर शिकवायला अक्षर यावं लागतं. पण कळलं की नाही हे पाहायला बोलता यावं लागतं, आणि त्यात आपण कमी नाही.

आधी मूल कुठे अडतंय ते ओळखा. एक छोटी गोष्ट त्याला स्वतः वाचू द्या आणि दोन-तीन प्रश्न विचारा. मग तशीच दुसरी गोष्ट मोठ्या बहिणीने किंवा शेजारच्या ताईने त्याला वाचून दाखवावी. पुन्हा प्रश्न विचारा. ऐकून कळतं, पण स्वतः वाचून कळत नाही, असं असेल तर अडचण अक्षरं जुळवण्यात आहे. एकेक अक्षर लावताना सगळं लक्ष तिथेच जातं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. अशा मुलाला रोज थोडं, सोपं, मोठ्याने वाचायला द्या. तोच उतारा दोन-तीन दिवस वाचला तरी चालेल. पण ऐकूनही कळत नसेल, तर शब्द अनोळखी आहेत किंवा गोष्टीवर बोलायची सवय नाही. तिथे आपल्या गप्पा कामाला येतात.

गप्पा कशा मारायच्या? ही दोन वाक्यं ऐका. "सखूने आभाळाकडे पाहिलं. तिने अंगणातले पापड घाईने घरात नेले." आता तीन प्रश्न विचारा.

पहिला, पापड कुठे वाळत होते? अंगणात. उत्तर पुस्तकातच आहे.

दुसरा, सखूने घाई का केली? पाऊस येणार होता म्हणून. पण 'पाऊस' हा शब्द पुस्तकात कुठेच नाही. आभाळ आणि पापड यांची सांगड मुलाला आपल्या मनात घालावी लागते. कळणं म्हणतात ते हेच.

तिसरा, तू सखूच्या जागी असतास तर आधी काय उचललं असतंस? याचं एकच उत्तर नाही. पापड म्हणेल, सरपण म्हणेल, कोंबडीची पिल्लं म्हणेल. "का रे?" एवढं मात्र नक्की विचारा.

घरी बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न विचारला जातो. दुसरा आणि तिसरा रोज एकेक विचारायची सवय लावा. भाकरी थापताना, शेंगा निवडताना हे होतं. वेगळा वेळ काढायला नको.

घरची बोली सोडू नका. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो, गोरमाटी असो. पुस्तकातली गोष्ट मुलाने घरच्या बोलीत सांगितली तर ती त्याला कळली, असं समजा. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हटली तर ती कदाचित नुसती पाठ झाली असतील. गणिताचंही तसंच. उदाहरण वाचल्यावर लगेच "बेरीज की वजाबाकी?" विचारू नका. "आकडे सोडून नुसती हकीकत सांग," म्हणा. हकीकत नीट सांगता आली की काय करायचं ते बहुतेकदा त्यालाच सुचतं.

वाचताना चुकलं की दर शब्दाला टोकू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग म्हणा, "हे मला नाही कळलं, पुन्हा वाच बरं." आपलं चुकलं हे मूल बऱ्याचदा स्वतःच ओळखतं. शेजारच्या मुलाशी तुलना नको, मारणं तर नकोच. वाचन म्हटलं की मार आठवला, तर मूल पुस्तकाजवळ येणारच नाही.

वाचायला घरात काय आहे? शाळेचं पुस्तक आहेच. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवरही फुकट मिळतात. बियाण्याचं पाकीट, एसटीचं वेळापत्रक, ग्रामपंचायतीची सूचना हेही वाचनच. ओआरएसचं पाकीट घ्या. मुलीला वाचायला सांगा आणि विचारा, पाणी किती घ्यायचं? एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात. मग विचारा, तेच पाकीट एका पेल्यात ओतलं तर? ते फार तीव्र होईल, आजारी बाळाला बाधेल. तयार पाणी किती वेळ चालतं? चोवीस तास. नीट कळलं नाही तर काय होतं, हे मुलीला इथे लगेच दिसतं.

एवढं करूनही मूल अडत असेल तर बाईंना किंवा गुरुजींना भेटा. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, फळ्यावरचं दिसत नाही म्हणत असेल, तर डोळे तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या एका मुलाला तिसऱ्या प्रकारचा एक प्रश्न विचारून यायचं आणि त्याने काय उत्तर दिलं ते सांगायचं. उद्या हीच मुलं आपला अर्ज, औषधाची चिठ्ठी, सातबारा वाचणार आहेत. नुसतं वाचून दाखवू नयेत, "आई, इथे सही करण्याआधी हे विचार," असं सांगावं, यासाठी हा खटाटोप.