जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे जतन : तंत्र आणि कायद्याची मर्यादा

लहान स्पोर्ट्स मोटारींची निर्मिती भारतात अल्प प्रमाणात झाली. गोव्यातील सॅन मोटर्सने १९९८ मध्ये बाजारात आणलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी मोटार त्याचे ठळक उदाहरण होय. फायबरग्लासचे कवच आणि रेनॉचे ११४९ सीसी पेट्रोल इंजिन ही तिची वैशिष्ट्ये. उत्पादन थांबलेली अशी मोटार रस्त्यावर सुरक्षित कशी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फायबरग्लास गंजत नाही. परंतु त्याखालील पोलादी भाग गंजतात. म्हणून बाह्य चकाकीवरून मोटारीची अवस्था ठरविता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळच्या घाटात चढताना इंजिनावर, तर उतरताना ब्रेकवर ताण येतो. त्यामुळे रेडिएटर व रबरी नळ्या यांची तपासणी आवश्यक ठरते. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घटतो. ते उकळल्यास वाफ दाबली जाऊन पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते.

सारांश, वेग वाढविण्यापेक्षा मूळ क्षमता पूर्ववत राखणे हेच जतनाचे शास्त्रीय व कायदेशीर सूत्र होय.