‘पृथ्वीचा ठोका’ मोजतात कसा आणि त्यातून कळतं काय?

गेले काही महिने आपल्या गटांच्या बैठकांमध्ये हप्ते, कर्ज आणि कांद्याचे भाव यांच्या जोडीला एक वेगळाच विषय निघतो आहे. फोनवर एक रंगीत चित्र येतं. हिरवे-निळे पट्टे आणि मध्येच पांढरी उभी पट्टी. खाली लिहिलेलं असतं, ‘आज पृथ्वीचा ठोका वाढला आहे. डोकं जड होईल, झोप लागणार नाही.’ एक-दोन दिवसांनी त्याच गटावर गादीची किंवा गळ्यातल्या पदकाची जाहिरात येते. ‘७.८३ ची गादी, सांधेदुखी आणि साखर दोन्हीवर उपाय.’ किंमत काही हजारांत. आपल्या एका गटात तर या गादीसाठी अंतर्गत कर्जाचा अर्जही आला. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, हा ठोका खोटा नाही. शास्त्रज्ञ तो मोजतात. विनफ्रीड ओटो शूमान या जर्मन प्राध्यापकांनी १९५२ मध्ये गणिताने सांगितलं की असं काहीतरी असणार. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बाल्सर आणि वॅगनर या दोघांनी तो यंत्रावर पकडून दाखवला. शूमान यांच्या नावावरून त्याला ‘शूमान अनुनाद’ म्हणतात.

अनुनाद म्हणजे काय, ते आपल्या मांडणीवरच्या भांड्यांकडे पाहून कळतं. तांब्यावर टिचकी मारली तर बारीक आवाज येतो, मोठ्या हंड्यावर मारली तर जाड. आपण टिचकी कशीही मारली तरी भांड्याचा आवाज त्याच्या आकाराने ठरतो. पृथ्वीभोवतीही असं एक भांडं आहे. खाली जमीन आणि समुद्र, त्यातून वीज वाहते. वर साधारण ६० ते १०० किलोमीटर उंचीवर हवेचा असा थर आहे, की सूर्यकिरणांमुळे त्यातूनही वीज वाहू शकते. मधल्या हवेतून वीज सहज वाहत नाही. त्यामुळे विद्युत-चुंबकीय लाटा या दोन थरांच्या मध्ये अडकून पृथ्वीला फेऱ्या घालतात.

मग या भांड्यावर टिचकी कोण मारतं? आकाशातली वीज. उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार जगात दर सेकंदाला सुमारे ४० ते ५० विजा चमकतात. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आणि ही लाट धावते सेकंदाला तीन लाख किलोमीटर. भागाकार करून पाहा, सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या होतात. पृथ्वीचा गोल आकार आणि वरच्या थरात मुरणारी शक्ती धरून प्रत्यक्षात आकडा मिळतो ७.८३. म्हणजे सेकंदाला जवळजवळ आठ हेलकावे. त्याच्यावर १४, २०, २७ आणि ३३ च्या आसपास आणखी सूर असतात. पृथ्वीचा आकार बदलत नाही, म्हणून हे आकडेही फारसे बदलत नाहीत. बदल होतो तो दशांशात.

हा आवाज कानाला ऐकू येत नाही, कारण तो आवाज नाहीच. ही विजेची आणि चुंबकत्वाची लाट आहे. ‘पृथ्वीचा ठोका ऐका’ म्हणून जे संगीत फोनवर मिळतं ते कोणीतरी तयार केलेलं असतं.

आता हे मोजायचं कसं? लाट फार म्हणजे फारच क्षीण असते. होकायंत्राची सुई ज्या चुंबकत्वाने फिरते त्याच्या सुमारे चार कोटीव्या भागाएवढी. तिच्यासाठी लांब गाभ्यावर तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेऊन कॉइल करतात. एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम अशा दोन कॉइल जमिनीत पुरतात, कारण वाऱ्याने जराशी हलली तरी नोंद बिघडते. वीज कुठल्या दिशेला झाली याचा अंदाज दोन्ही कॉइलच्या नोंदी जुळवून बांधतात. सगळ्यात मोठी अडचण आपल्या घरातल्या विजेची. तिची ५० हर्ट्झची लाट या ठोक्याच्या हजारो पट जोरदार असते. म्हणून जागा लागते तारा, मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब.

विजेच्या तारांमुळे जागा बदलण्याची वेळ आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी येऊन गेली आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं आणि नोंदी बिघडणार हे दिसू लागलं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. तिच्या बांधकामाला पोरबंदरचा दगड वापरला, कारण त्याचा चुंबकावर परिणाम होत नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याला जोडता यावा. आपण जुनी वही बंद करून नव्या वहीत शिल्लक ओढतो ना, तसंच. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री केंद्रावर शूमान अनुनादाच्या नोंदी घेतल्या आहेत. तिथे आसपास विजेच्या तारांचं जाळं नाही आणि जवळपास गडगडाटही नाही, त्यामुळे जगभरच्या विजांची ही कुजबूज स्वच्छ मिळते.

आणि त्या नोंदींतून कळतं काय? मुख्य म्हणजे जगात विजा कुठे आणि किती चमकत आहेत. ऊन तापलं की दुपारनंतर ढग चढतात, हे आपल्याला वळवाच्या पावसावरून माहीत आहे. जगातही तसंच. आग्नेय आशियात दुपार झाली की तिथल्या विजा वाढतात, तेव्हा आपल्याकडे साधारण दुपारचा दीड वाजलेला असतो. मग आफ्रिकेची पाळी, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मग अमेरिका खंडाची, आपल्याकडे रात्रीचा दीड. म्हणून ठोक्याचा जोर रोजच चढतो आणि उतरतो. तो चढला म्हणजे काही अघटित झालं असं नाही. १९९२ मध्ये अर्ल विल्यम्स या शास्त्रज्ञाने दाखवलं की उष्ण प्रदेशाचं तापमान आणि या ठोक्याचा जोर यांचा संबंध लागतो. म्हणजे पृथ्वीच्या तापावर लक्ष ठेवायला याचा उपयोग होऊ शकतो. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर वरचा थर बदलतो आणि ७.८३ चा आकडा किंचित सरकतो. तेही यंत्रालाच कळतं.

आता फोनवरच्या त्या चित्राकडे येऊ. बहुतेक वेळा ते रशियातल्या टोम्स्क गावच्या विद्यापीठाचं असतं. आडवी रेघ वेळेची, तीन दिवसांची, आणि ती वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते. उभी रेघ शून्य ते ४० हर्ट्झ. रंग म्हणजे जोर. पांढरी पट्टी म्हणजे त्या यंत्रापाशी जोराचा संकेत आला, मग तो जवळच्या गडगडाटाचा असेल किंवा एखाद्या यंत्राचा. काळी पट्टी म्हणजे नोंदच नाही. पांढरी पट्टी वरपर्यंत गेली की निरोप फिरतो, ‘ठोका ४० वर गेला’. पण ४० वर तो कागद संपतो, एवढंच. रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून स्टेशन बदलत नाही. जोर वाढणं वेगळं आणि आकडा बदलणं वेगळं.

‘मेंदूच्या लहरीही आठच्या आसपास असतात’ असंही सांगतात. असतात, पण आकडा जुळला म्हणजे नातं जुळलं असं होत नाही. ठोक्यापेक्षा हजारो पट जोराची लाट आपल्या घरातल्या तारांमधून चोवीस तास येत असते, हेही लक्षात घ्या. ७.८३ च्या गादीने किंवा पदकाने कोणताही आजार बरा होतो हे वैद्यकीय शास्त्रात सिद्ध झालेलं नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. डोकं जड होत असेल, झोप उडाली असेल तर रक्तदाब, साखर आणि रक्तातलं हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. पांढऱ्या पट्टीवर दोष टाकला तर खरा आजार तसाच वाढत राहतो. औषधाची गोळी तर गादी आणली म्हणून मुळीच बंद करू नका.

गटाकडे अशा वस्तूसाठी कर्जाची मागणी आली तर त्या ताईला हिणवू नका. दुखणं खरं असतं, म्हणून माणूस उपाय शोधतो. बिल मिळेल का, परत घेतील का, आजार बरा होईल असं लिहून देतील का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला बैठकीतच विचारा. उत्तर मिळालं नाही तर तेच पैसे तपासणीसाठी आणि औषधासाठी द्या, तसा ठराव करा. फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि मैत्रिणींनो, ठोका ज्या विजेने वाजतो तिची काळजी मात्र खरोखर करायला हवी. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून जातात, त्यात शेतात काम करणारी पुष्कळ. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट आला तर काम सोडून पक्क्या घरात जा. द्राक्षबागेच्या मंडपाच्या तारा, झाड, पत्र्याची उघडी शेड यांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला धक्का बसत नाही, त्याला लगेच मदत करा आणि १०८ ला फोन लावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीच्या घरातल्या एका तरी फोनवर दामिनी आहे का, ते पाहून घ्या.