काडीमोड झाला, पण नातवंडाचे काय?

खळे झाले, ज्वारीची पोती घरात आली, की म्हातारीला नातवाची आठवण होते. हुरड्याला तो आला नाही. आता गावची जत्रा तोंडावर आली, तिलाही येणार नाही. मुलाचा काडीमोड झाला, सून लेकराला घेऊन माहेरी गेली आणि तेव्हापासून आजीने नातवाचे तोंड पाहिलेले नाही.

तुमच्या भावकीतही असे एखादे घर असेल. त्या घरातले आजोबा मग पारावर विचारतात, "आमचंच रक्त आहे. दावा लावला तर नातू भेटेल ना?"

उत्तर कडू आहे, पण आधी ऐकून घ्या. आईबाप हयात असताना आजी-आजोबांना नातवंड भेटलेच पाहिजे, असा वेगळा हक्क देणारे कलम आपल्या कायद्यात नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक मानले ते बापाला आणि आईला. पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईपाशी राहावे, असेही त्यात आहे. इतर धर्मीयांनाही १८९० चा पालक व पाल्य कायदा आहेच. कुठल्याही कोर्टात गेलात तरी न्यायाधीश पाहतात ते मुलाचे हित. आजीची माया त्यानंतर. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या भेटीचाही विचार मांडला होता, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे.

मग वाट कुठली? तुमची वाट बहुतेक वेळा तुमच्या मुलाच्या भेटीतून जाते. बापाला भेटीचे दिवस मिळतात, त्या दिवशी नातू तुमच्या अंगणात खेळू शकतो. संमतीने घटस्फोट घेण्याची सोय १९७६ पासून आहे. त्यात अटी दोघांनी मिळून लिहायच्या असतात. इथेच आपली माणसे चुकतात. पोटगीच्या आकड्यावर आणि डोरल्यावर चार चार बैठका होतात, आणि पोराबद्दल मात्र एकच ओळ: "वडिलांना भेटता येईल." कधी? कुठे? कोण आणणार, कोण पोचवणार? दिवाळीत किती दिवस, मे महिन्यात किती? आजीकडे मुक्काम चालेल का? फोनवर बोलायची वेळ कोणती? हे सारे तिथेच लिहून घ्या. राहून गेले असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली निकालानंतरही मुलाने अर्ज करावा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे विचारा. तिथे बायकांना आणि मुलांना मिळकत न पाहता फुकट वकील मिळतो, हे सुनेलाही कळू द्या.

आईबाप दोघेही नसले तर गोष्ट वेगळी. कोरोनात पोरक्या झालेल्या एका मुलाचा ताबा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मावशीऐवजी बापाच्या आईवडिलांना दिला. २००८ मध्ये आईच्या हुंडाबळीचा आरोप बापावर असताना मूल आजोळीच राहू दिले होते.

काही घरांत मायेच्या आड जमीन असते, हेही बोलून टाकू. मूल आईपाशी वाढले म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा बुडत नाही, मुलगी असली तरी नाही. आणि अज्ञानाच्या स्वतंत्र नावावर जमीन असेल तर ती आईलाच काय, बापालाही कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तेव्हा "नातू पाठव, मग सातबाऱ्याचं बघू" हा सौदा करू नका. त्याने सुनेचा संशय तेवढा पक्का होतो.

आता घटकाभर तिच्या ओट्यावर बसून पाहा. तिला भीती एकच: पोरगा एकदा गावी नेला की परत पाठवणार नाहीत. असे घडलेलेही आहे. दुसरे म्हणजे, पोरगा आला की आपण त्याला मांडीवर घेऊन विचारतो, "तुझी आई कुठं जाते? मामा काय म्हणतो?" ते लेकरू घरी जाऊन सगळे सांगते, आणि पुढची भेट बंद. ज्या घरात तिला मारहाण झाली, त्या घरी मूल पाठवायला ती कचरत असेल तर तिला दोष कसा द्यायचा? आधी आपल्या मुलाला विचारा.

हाच न्याय आजोळालाही. मूल बापाकडे राहिले तर तिकडची आजीही अशीच वाट पाहते. मामाच्या गावाची सुट्टी तोडू नका.

तेव्हा वकिलाची नोटीस धाडण्याआधी सुनेच्या वडिलांकडे एखादे समजूतदार माणूस पाठवा. पहिल्यांदा मुक्काम मागू नका, तासाभराची भेट मागा, तीही तिच्याच गावात, देवळात किंवा मामाच्या घरी. जाताना ओल्या शेंगा न्या, सुनेच्या आईसाठीही वेगळ्या बांधून. कोर्टाचा विषय त्या दिवशी काढू नका. आणि पुढे कधी तिने पोराला तुमच्याबरोबर धाडले, तर पाचची वेळ ठरली असता साडेचारलाच त्याला तिच्या दारात उभे करा.