पट्ट्याची थरथर आणि चरबीचा हिशेब

वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजारपेठेत सकाळी गादीवर बसलेला व्यापारी बहुधा रात्री दुकान वाढवूनच उठतो. सोयाबीन-तुरीच्या हंगामात तर जेवणाचा डबाही दुकानातच येतो. पोट सुटू लागले की ‘व्यायामाविना वजन घटवा’ ही जाहिरात अशा गृहस्थाला आपल्यासाठीच लिहिलेली वाटते. मग घरात थरथरणारा पट्टा येतो, किंवा निजून पाय ठेवले की ते आपोआप हलवणारे यंत्र.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रोपचाराची संस्था उघडली. त्यांची काही यंत्रे वाफेवर चालत आणि रुग्णाचे अवयव स्वतःच हलवीत.

व्यापाऱ्याला कळेल अशा जमाखर्चातच हे पाहावे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. साधारण ६५ किलो वजनाचा माणूस तासभर भरभर चालला तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे आहार न वाढवता रोज तासभर चालल्यास किलोभर चरबी उतरायला महिना जवळजवळ संपतो. निजून पाय हलवून घेताना श्रम मोटार करते. खर्च शरीराच्या खात्यावर नव्हे, विजेच्या बिलावर पडतो. पट्ट्याने कातडी हलते, पण हलवल्याने चरबी वितळत नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्याने काट्यावर जे उतरते ते पाणी असते, दोन पेले पाणी प्यायले की परत येते.

विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करणारी उपकरणे मात्र निरुपयोगी नाहीत. शस्त्रक्रियेनंतर दुबळे झालेले स्नायू जागे करण्यासाठी फिजिओथेरपिस्ट ती वापरतात. कंप पावणाऱ्या फळीवर उभे राहिल्याने वृद्धांच्या पायांना थोडे बळ मिळू शकते. वजनाचा प्रश्न वेगळा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये पोटाच्या अशा विद्युत पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा यंत्राला हात लावू नये.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फसलेल्या ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी पावती हवी, आणि दुसऱ्यांना पक्की पावती देणारी माणसे नेमकी हीच पावती हरवून बसतात.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. जेवण आणि निद्रा यांमधले ते दोन-तीन तास चालण्याला उत्तम; विदर्भाच्या उन्हाळ्यात पहाट बरी. अर्थात जेवण लवकर झाले तरी ताटातला शिरा, तूप आणि फरसाण मोजणीतून सुटत नाही. तेथे ऊनोदरीच कामी येते.

प्रगती मोजायची तर कापडदुकानातील टेप पुरे. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की यंत्रविक्रेत्याऐवजी डॉक्टरांकडे जावे आणि साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.