ताटाखालची वीण

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, फार तर एखादे प्रवासवर्णन वाचण्याची आपल्याला सवय असते. तेथे ताटाखाली घालायच्या विणलेल्या मॅटविषयी लेख दिसल्यावर काही सहकारी हे पान महिला विभागाचे समजून उलटतील. त्यांना विनंती एवढीच की, क्षणभर थांबावे. हा विषय स्वयंपाकघरातून निघतो खरा. परंतु तो आपल्या दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्याकडे जेवण पाटावर बसून होत असे, आणि पानाभोवतीची शोभा रांगोळीची असे. घरात जेवणाचे टेबल आले, तेव्हा त्याच्या पॉलिशला गरम ताटाची झळ लागू नये म्हणून ताटाखाली मॅट आली. क्रोशाचे काम मात्र त्याआधीच मराठी घरांत रुळले होते. ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणे, रेडिओवरचे आच्छादन अशा रूपांनी ते वावरत होते, आणि लग्नाच्या रुखवतात तर त्याला मानाची जागा होती. मुलीचा हात किती बसलेला आहे, हे सासरची मंडळी त्यावरून जोखत.

ही मॅट दिसायला सोपी असली तरी तिला स्वतःचे शास्त्र आहे. दोन सुयांवर विणताना सर्व ओळी सुलट घातल्या, तर तुकडा सपाट राहतो. एक ओळ सुलट व एक उलट घातली, तर त्याच्या कडा वळतात. क्रोशाची गोल मॅट मधून बाहेर वाढते. मुक्या खांबांची असेल, तर पहिल्या फेरीत सहा टाके घेऊन पुढील प्रत्येक फेरीत सहा-सहा वाढवावे लागतात. उंच खांबांची असेल, तर साधारणपणे बारा-बारा. वाढ कमी पडली की मॅटची वाटी होते, जास्त झाली की तिला झालर सुटते. प्रत्येक फेरीबरोबर त्रिज्या जेवढ्यास तेवढी वाढते, म्हणून परिघही ठरावीक मापानेच वाढला पाहिजे. शाळेत पाठ केलेले परिघाचे सूत्र येथे बोटांना पाठ होते.

दोरा सुती घ्यावा. कृत्रिम ॲक्रिलिक लोकर तापलेल्या भांड्याखाली मऊ पडते, प्रसंगी वितळते. सुती दोरा धुतल्यावर आटतो. म्हणून आधी लहानसा नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजावा आणि मगच टाके ठरवावेत. आयताकृती मॅटला साधारण बारा इंच रुंदी व अठरा इंच लांबी पुरेशी होते.

एवढे ज्ञान मला पुस्तकांतून मिळालेले नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीकडून, अक्काकडून मिळाले. ती जोयडा तालुक्यातील कुळगीला राहते. दांडेलीपासून बारा-तेरा किलोमीटरवरचे, वन खात्याच्या निसर्ग शिबिरामुळे पर्यटकांना ठाऊक असलेले हे ठिकाण. भोवतालच्या जंगलाला 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि 2015 मध्ये त्या प्रकल्पाला काळी नदीचे नाव दिले गेले. तेथील शांतता पाहुण्यांना हवीहवीशी वाटते. परंतु रुग्णाच्या दृष्टीने तीच शांतता म्हणजे लांबचे अंतर.

2018 च्या पावसाळ्यात अक्काला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय लवकर सावरला. उजव्या हाताची बोटे मात्र मागे राहिली. रुग्णालयात तिला व्यायाम शिकवले होते. घरी आल्यावर आठवडाभर तिने रबरी चेंडू नेमाने दाबला, आणि एके दिवशी तो नातवाला खेळायला देऊन टाकला. मी फोनवर रागावलो. ती शांतपणे म्हणाली, “अरे, चेंडू दाबला की चेंडूच दाबला जातो. त्यातून निघतं काय?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते तिने स्वतःच शोधले. बोटांत थोडी पकड परत येताच तिने ट्रंकेतील क्रोशाची जाड सुई काढली, मुठीत नीट बसावी म्हणून तिच्या दांडीला सुती चिंधी गुंडाळली आणि जाड दोऱ्याची मॅट धरली. डावा हात धड असल्याने दोऱ्याचा ताण त्या हाताने सांभाळता येत होता. ओसरीवर दुपारी जवळच्या वस्तीतील एक सिद्दी बाई तिच्या सोबतीला येऊन बसत. त्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवत. कवंदीचे शिवण कडेकडून सुरू होऊन मध्याकडे जाते, आणि अक्काची वीण मध्यापासून कडेला. कवंदीच्या कोपऱ्यांवर शेवटी तुकड्यांची फुले लावतात. त्यांच्यावाचून ती पुरी झाली असे सिद्दी बायका मानत नाहीत. अक्कानेही मग हट्ट धरला की, कड घातल्याखेरीज आपलीही मॅट पुरी म्हणायची नाही.

आठ महिन्यांत सहा मॅट झाल्या. मी कुळगीला गेलो तेव्हा त्या टेबलावर क्रमाने मांडल्या आणि पाहतच राहिलो. पहिली आक्रसून वाटीसारखी झाली होती. टाके कुठे घट्ट, कुठे सैल, कुठे वाढ सुटलेली. दुसरीत मोजणी जमली होती, ताण जमला नव्हता. तिसरी सपाट बसली. चौथीत थकवा आलेला दिवस कोणता, तेही दिसत होते. पाचवीला शिंपल्यांची कड आली आणि सहावी तिच्या लग्नातल्या रुखवतात शोभली असती. रुग्णाचा इतका बोलका केसपेपर मी क्वचितच वाचला आहे.

याचे सारे श्रेय क्रोशाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. पहिल्या महिन्यांत शरीर आपणहून बरेच सावरते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, चालण्याचा व्यायामही होता. मात्र पक्षाघातानंतर हेतुपूर्ण कृती पुनःपुन्हा केल्याने हाताला लाभ होतो, हे तत्त्व पुनर्वसनशास्त्राला मान्य आहे. चेंडू आणि मॅट यांत फरक त्या हेतूचा होता. मॅट लहान असते, आठवड्या-दोन आठवड्यांत हातावेगळी होते आणि लगेच ताटाखाली जाते. घरातील माणसे तिच्यावर जेवतात. आजारपणात घरावर ओझे झालो असे वाटणाऱ्या बाईला आपण पुन्हा घराच्या उपयोगी पडलो, हे कोणी सांगावे लागत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. भारतातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी ते उभे केले. माणसाच्या हाताला अर्थपूर्ण काम दिले की ते कामच औषधाचे कार्य करते, हा त्या शास्त्राचा पाया आहे. 2013 मध्ये ब्रिटनमधील एका व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणकरांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणे आणि मन शांत व आनंदी वाटणे यांचा संबंध तीत आढळला. ती विणणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी दखल घेण्याजोगी निश्चित आहे.

सल्ला देताना पथ्येही सांगावीत. वीस-पंचवीस मिनिटांनी हात थांबवून बोटे मोकळी करावीत. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे, बोट अडकणे किंवा रात्री हाताला मुंग्या येणे सुरू झाले, तर विणकाम थांबवून तपासणी करावी. सुई जाड, दोरा फिका आणि उजेड भरपूर असावा. गडद दोऱ्यावर टाके दिसत नाहीत व डोळ्यांना शीण होतो. बोटांत अजिबात हालचाल नसलेल्या रुग्णापुढे सुई ठेवू नये, त्याने केवळ निराशा पदरी पडते. पुरुष रुग्णांनाही हे काम सुचवायला संकोचू नये. मासेमारीची जाळी विणणारे आणि खाट विणणारे हात पुरुषांचेच असतात.

सुसज्ज पुनर्वसन केंद्रे शहरांत आहेत. आपले अनेक रुग्ण कुळगीसारख्या ठिकाणी परत जातात. त्यांना निरोप देताना व्यायामाच्या कागदाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, “पूर्वी हाताने काय करत होता?” कोणी गोधडी म्हणेल, कोणी दोरखंड, कोणी क्रोशा. उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे आणि पुढच्या भेटीत त्याची चौकशी करावी. त्यासाठी लागणारा वेळ एक मिनिटाहून अधिक नाही.