चुंबकीय क्षेत्राचा उपद्रव आणि त्यावरील उपाय

ऊन अडविण्यास छत्री पुरते, वारा अडविण्यास भिंत पुरते. चुंबकीय क्षेत्र मात्र अशा रीतीने अडविता येत नाही. धारवाड जिल्ह्यातील कलघटगीसारख्या गावच्या शाळेतही याचा पडताळा घेता येईल. टाचणीस दोरा बांधून त्याचे दुसरे टोक मेजास चिकटवावे व वर चुंबक असा धरावा की, टाचणी त्यास न टेकता अधांतरी राहील. मधल्या फटीत पुठ्ठा, काच किंवा तांब्याचा पत्रा हळूच सरकविला तरी टाचणी तशीच राहते. लोखंडी पत्रा सरकविताच ती खाली पडते. लोखंड चुंबकीय क्षेत्र नाहीसे करीत नाही. ते त्यास आपल्यामधून सुलभ वाट करून देते आणि त्यामुळे पलीकडचा प्रभाव क्षीण होतो. नाजूक उपकरणांभोवती निकेल-लोखंडाच्या विशिष्ट मिश्रधातूचे कवच बसवितात, ते याच तत्त्वानुसार.

दुसरा उपाय प्रतिक्षेत्राचा होय. तारेच्या वेटोळ्यातून योग्य दिशेने वीजप्रवाह सोडल्यास मूळ क्षेत्राच्या विरुद्ध क्षेत्र निर्माण होऊन दोहोंचा परिणाम शून्यवत होतो. दुसऱ्या महायुद्धात चुंबकीय सुरुंगांपासून जहाजांचे रक्षण करण्यासाठी ही युक्ती योजण्यात आली होती.

परंतु जेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच मोजावयाचे असते, तेथे हे उपाय निरुपयोगी ठरतात. कवच घातले तर उपद्रवाबरोबर मोजावयाचे क्षेत्रही दुरावते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. तेथे १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात होते. १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तेथे झाली होती. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परतताना काही अंशी जमिनीत पसरतो व गाड्यांच्या ये-जाबरोबर सतत बदलतो. पृथ्वीचे क्षेत्र या भागात सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला असले, तरी त्यातील दैनंदिन चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. ट्रामच्या उपद्रवात ही सूक्ष्म नोंद हरवून गेली असती.

तेव्हा उरला तो तिसरा उपाय, दूर जाण्याचा. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने वर्ज्य केले गेले. चुंबकत्वरहित दगड, तांबे व पितळ वापरण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या व नव्या नोंदींचा मेळ घालण्यात आला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, त्यापूर्वीच हे कार्य पूर्ण झाले होते.

या दूरदृष्टीमुळे कुलाबा-अलिबागची नोंदमालिका दीड शतकाहून अधिक काळ अखंड राहिली. सौर वादळांचा उपग्रहांवर व वीजवाहिन्यांवर होणारा परिणाम अभ्यासताना अशा दीर्घ नोंदी अमोल ठरतात. म्हणूनच अशा वेधशाळेनजीक लोखंडी बांधकाम किंवा वाहनांची वर्दळ वाढू न देणे, हे केवळ शास्त्रज्ञांचे नव्हे, तर परिसरातील नागरिकांचेही कर्तव्य होय.